तात्यांचा नखरेल मासा

मानसिंगतात्यांनी कुंपणावरून "नागेश, साक्षीला ये" म्हणून हाक मारली की मी हातातलं काम टाकून जायचो. नाही गेलो तर तात्यांच्या लेखी त्याचा अर्थ एकच होता, माझ्या मनात खोट आहे. सांगवीत त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त मेंदीचं कुंपण आहे. त्या शेजारधर्मापायी गेल्या बारा वर्षांत मी गॅसची टाकी जोखताना साक्षीला उभा राहिलोय, अर्ध्या लिटरच्या पिशवीत दूध किती निघतं ते मोजताना राहिलोय, आणि नव्या चपलांच्या जोडीतली डावी चप्पल उजवीपेक्षा हलकी निघाली तेव्हाही तिथेच होतो. त्या दिवशी चप्पलवाल्याने आम्हा दोघांना हात जोडले होते.

तात्या कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं नोकरीला होते. उसाची गाडी आली की तिचं भरलं वजन करायचं, ऊस उतरवून परत आली की रिकामं वजन करायचं, आणि मधला फरक म्हणजे ऊस. या दोन वजनांच्या मध्ये माणूस काय काय करू शकतो हे त्यांनी एकतीस हंगाम बघितलं होतं. भरल्या गाडीवर चार गडी बसून यायचे आणि रिकाम्या वजनाच्या वेळी तेच चार गडी चहाला गेलेले असायचे. तात्या केबिनमधून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "उतरा खाली. उसाला पाय नसत्यात." पुढे काटा सुटला, पण ती नजर काही सुटली नाही. घरी आलेल्या पाहुण्यालाही ते आधी पायापासून डोक्यापर्यंत जोखायचे आणि मग बस म्हणायचे.

मी त्यांच्यावर पुष्कळदा चिडायचो. तरी मनातून मला ते आवडायचे, कारण एकतीस वर्षांत त्यांनी कुणाचा किलोभर ऊस इकडचा तिकडे केला नव्हता आणि स्वतःच्या भावालाही गाडीवरून खाली उतरवलं होतं.

अशा माणसाच्या घरात मासा आला तो नातीमुळे. थोरला मुलगा युवराज पुण्याला राहतो. त्याची मुलगी संस्कृती हिने हट्टाने ऑस्कर जातीचा मासा घेतला, तो बोटाएवढा होता तो तळहाताएवढा झाला, आणि फ्लॅटमध्ये टाकीला जागा पुरेना. मग टाकी, पंप, जाळी असं सगळं लटांबर जीपमध्ये घालून सांगवीला आलं. माशाचं नाव पैलवान. काळ्या अंगावर नारिंगी पट्टे, जाड ओठ, आणि माणूस समोर आला की काचेला नाक लावून बघत राहायचं. दर रविवारी संस्कृतीचा व्हिडिओ कॉल यायचा. आजोबा कसे आहात हे नंतर, आधी "पैलवान दाखवा."

यात एकच अडचण होती. तात्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात मांसमच्छी बंद. अंड्याचं टरफलसुद्धा दारात पडलेलं चालायचं नाही. माझे वडीलही माळकरी होते, पण आमच्याकडे परसात वेगळी चूल होती आणि कडुलिंबाच्या फांदीला वेगळा तवा टांगलेला असायचा. ज्याला खायचं त्याने तिथे करून तिथेच खावं, वडील तिकडे पाठ करून बसायचे. बहुतेक माळकऱ्यांच्या घरी अशी काहीतरी सोय असतेच. तात्यांकडे ती नव्हती. घरात नाही म्हणजे परसातही नाही, असा त्यांचा कडक कायदा होता. माशाच्या खाण्याच्या गोळ्या आणायला गेले तेव्हाही त्यांनी बारामतीतल्या दुकानदाराला विचारलं होतं, "ह्यात मास हाय का?" दुकानदार हुशार. तो म्हणाला, "तात्या, ही गोळी हाय." तात्यांना ते उत्तर पटलं आणि त्यांनी पुढे डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी न तपासता घेतली असावी.

जानेवारीत थंडी पडली आणि पैलवानाने खाणं सोडलं. गोळी टाकली की वर यायचा, तोंडात घ्यायचा, आणि फू करून बाहेर टाकायचा. तात्या काळजीत पडले. ते चार दिवसांत चार वेळा बारामतीला गेले. दुकानदाराने पहिल्यांदा सांगितलं की पाणी गार पडलं असेल, म्हणून पाणी गरम ठेवणारी कांडी आणली. मग गोळ्या जुन्या असतील म्हणून नव्या आणल्या. मग लाल गोळ्या आणल्या. चौथ्या फेरीला दुकानदारही कंटाळला आणि म्हणाला, "तात्या, ह्याला कुणीतरी दुसरी चव लावलीय. ह्या जातीचं असंच असतंय. एकदा चांगलंचुंगलं खाल्लं की गोळीला तोंड लावत न्हाय. घरात बघा, कोण काय घालतंय."

झालं. तात्या घरी आले ते काट्यावरचे तात्या होऊनच. पहिला संशय माझ्यावर.

"तुमच्याकडं रविवारी मासं असत्यात," ते कुंपणावरून म्हणाले.

"असत्यात. पण आमी ते खातो, वाटत न्हाय फिरत."

"परवा तू टाकीजवळ उभा हुतास."

"तुमीच बलावलं हुतं. साक्षीला."

ते आत निघून गेले, पण मला त्यांनी मोकळं सोडलं असं काही वाटलं नाही. त्याच संध्याकाळी गोळ्यांच्या डब्याला चिकटपट्टी लागली आणि तिच्यावर त्यांची सही आणि माझी सही झाली. दुसऱ्या दिवशी डिजिटल काटा आला. बादलीत पाणी घ्यायचं, त्याचं वजन शून्यावर आणायचं आणि मग मासा सोडायचा, असा बेत. तात्यांनी जाळीने पैलवान उचलला, त्याने शेपटी मारून आम्हा दोघांना आंघोळ घातली, आणि आकडा आला चारशे बारा ग्रॅम. तात्यांनी तो दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहिला.

आठ दिवस माशाने एकही गोळी गिळली नाही. टाकलेली प्रत्येक गोळी तात्या जाळीने काढून मोजत होते. आठव्या दिवशी पुन्हा बादली, पुन्हा शेपटी, आणि आकडा आला चारशे एकतीस.

तात्या काट्याकडे बघत राहिले. "न खाता एकोणीस ग्रॅम वाढला," ते हळू म्हणाले. "नागेश, गाडीवर कोणतरी बसलंय."

घरात माणसं तीन. तात्या स्वतः, त्यांच्या पत्नी कौसल्याकाकी, आणि दहा ते एक कामाला येणाऱ्या ठमाबाई. काकींची बोटं संधिवाताने वाकडी झाली तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, ठमाबाई भांडी घासत होत्या आणि भाकरी थापत होत्या. काम झालं की दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसून जेवायच्या. काकी तशा कमी बोलणाऱ्या. ठमाबाई आल्या की मात्र मेंदीच्या अलीकडे आम्हाला त्यांचं हसू ऐकू यायचं. एरवी मी ते कधी ऐकलं नाही.

तात्यांना काकींवर संशय घ्यायचं कारण नव्हतं. काकींची चौकशी ते ठरल्या वेळीच करायचे. काकींचं माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी. धाकटी बहीण साखरबाई निमगाव केतकीला दिलेली. वर्षातून दोनदा काकी एसटीने बहिणीकडे जायच्या आणि परत आल्या की पिशवी खाली ठेवायच्या आत तात्या विचारायचे, "तितं जेवाय काय हुतं?" काकी म्हणायच्या, "पिठलं." डिसेंबरातही असंच झालं होतं. बारा वर्षांत बहिणीने पिठल्याखेरीज दुसरं काही केलंच नव्हतं असं दिसतं, आणि तात्यांना त्यात कधी काही खटकलं नाही.

म्हणजे उरल्या ठमाबाई.

पुढच्या आठवड्यात तात्यांनी जे केलं ते मला अजूनही आवडत नाही. ठमाबाई आल्या की ते दारात काटा घेऊन बसायचे आणि त्यांची पिशवी जोखायचे. जाताना पुन्हा जोखायचे. येतानाचं भरलं वजन, जातानाचं रिकामं वजन. पिशवीत काय असायचं, तर चटणीची डबी, एक कांदा आणि घाम पुसायचा कपडा. साठीच्या बाईने नऊ वर्षांनी त्याच दारात पिशवी पुढे करून उभं राहायचं. ठमाबाई फक्त पदर डोक्यावरून जरा पुढे ओढायच्या. पहिल्या दिवशी तात्यांनी मला साक्षीला बोलावलं तेव्हा मी गेलो नाही. "लाज वाटती का तुमाला थोडी तरी?" एवढं कुंपणावरून बोललो आणि माझ्या झेरॉक्सच्या दुकानात निघून गेलो. मशीनपाशी उभा राहिलो तरी दिवसभर डोकं तापलेलं होतं. तात्यांनी माझं नाव परत संशयितांत घातलं असणार.

शुक्रवारी मला पुन्हा हाक आली. या वेळी आवाज वेगळा होता, म्हणून गेलो.

टाकी बाहेरच्या खोलीत होती. तात्यांनी पाणी साफ करायचा पंप उघडून त्यातला स्पंज वर्तमानपत्रावर पिळला होता. त्या घाणीत नखाएवढं गुलाबी काहीतरी होतं, त्याला बारीक मिशा. तात्यांनी ते काडीने माझ्यापुढे सरकवलं.

"काय हाय हे?"

मी वास घेतला. सांगायची गरज नव्हती. सुकट. बाजारात मिळते ती वाळवलेली बारीक कोळंबी. आमच्या घरी महिन्यातून दोनदा होते.

"माझ्या घरात," तात्या म्हणाले. त्यांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. ते खरंच हादरले होते. मला क्षणभर त्यांची दया आली. "चाळीस वर्सं पाळलं. आनि माझ्या सैपाकघरात बसून ही बाई सुकट खाती. उरली की टाकीत टाकती." मग त्यांनी आत बघून हाक मारली, "ठमाबाई, हिकडं या."

ठमाबाई पिठाच्या हातानेच आल्या. वर्तमानपत्रावरचा तो गुलाबी तुकडा त्यांनी पाहिला आणि त्यांना काय झालंय ते कळलं. मलाही कळलं की त्यांना कळलंय.

"तुमी उद्यापास्नं येऊ नका," तात्या म्हणाले.

"तात्या, मी तुमच्या घरात सुकट खाल्ली न्हाय."

"मग कुणी खाल्ली?"

ठमाबाई खाली फरशीकडे बघत राहिल्या. हाताला लागलेलं पीठ एका बोटाने दुसऱ्या बोटावरून काढत होत्या. "मला काय म्हाईत न्हाय," त्या म्हणाल्या. नऊ वर्षांचं काम हातातून जात होतं आणि त्या बाईने एवढंच सांगितलं. मग त्या वळल्या, कोनाड्यातली पिशवी घेतली आणि सवयीने काट्यापुढे धरली.

तेव्हा कौसल्याकाकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात ओव्याचा जुना पत्र्याचा डबा होता. वाकड्या बोटांनी झाकण निघेना, तर ठमाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि ते काढून दिलं. खोलीभर वास पसरला. काकींनी चिमूटभर सुकट उचलली आणि टाकीत सोडली. पैलवान खालून उसळून वर आला, पाणी काठावर उडालं, आणि वर काही उरलं नाही.

"ठमा कुठं जानार न्हाय," काकी म्हणाल्या. "मी घालती त्याला."

तात्या डब्याकडे बघत होते. पहिला प्रश्न त्यांच्या तोंडून आला तो काट्यावरचाच. "तू खाल्लीस?"

"न्हाय."

"खरं सांग."

"खरं सांगती. साखरीनं डिसेंबरात पिशवीत कोंबून दिली. म्हनली, घरी कर कवातरी. मला कुठं करायला जागा हाय. डबा उघडायची, वास घ्यायची, झाकन लावायची." काकींचा आवाज चढला नव्हता. भाजी निवडताना बोलावं तशा बोलत होत्या. "लगीन झालं तवा तुमाला माळ न्हवती. सा महिन्यांनी घातली. मला इचारलं न्हाय. मी पाण्याकाठची पोर, माशाबिगर घास उतरायचा न्हाय. पर उतरवला. पिठल्यासंगं उतरवला. साखरीकडं जाती तितं बी माझं ताट येगळं वाढती ती, का तर तुमी आल्याआल्या तोंडाचा वास घेनार."

"मी कधी वास घेतला?"

"इचारताय ते काय हाय मग?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. साक्षीला मी होतो, पण मी वर्तमानपत्रावरच्या तुकड्याकडे बघत राहिलो.

"थंडीत त्यो खाईना," काकी टाकीकडे बघून म्हणाल्या. "म्हनलं, पोरीचा मासा हाय, मरंल. दिली चिमूटभर. खाल्ली त्यानं. मग गोळी थुकायला लागला. चार दिस त्यो जेवला न्हाय तर तुमी चार येळा बारामतीला गेला. कांडी आनली, लाल गोळ्या आनल्या. माशाला काय आवडतंय ते गावभर इचारत फिरला." डबा त्यांनी छातीशी धरला होता. "मला चाळीस वर्सांत एकदा तरी इचारलं?"

पंप उघडा पडल्यामुळे टाकीतले बुडबुडे बंद होते. ठमाबाई आत गेल्या आणि परात सरकवल्याचा आवाज आला. भाकरी अर्धी राहिली होती. मी मेंदीच्या फटीतून घरी आलो. बायकोने विचारलं काय झालं, तर मला पहिल्यांदा नीट सांगता येईना. तिला काय आवडतं हे मला तरी कुठे माहीत होतं, हा विचार तेव्हा मनात आला आणि तो काही बरा वाटला नाही.

दोन दिवस तात्या दिसले नाहीत. रविवारी संस्कृतीचा कॉल आला तो काकींनी घेतला. ठमाबाई वेळेवर येत होत्या आणि काटा दारातून उठला होता. त्याबद्दल तात्या त्यांना काय बोलले ते मी ऐकलं नाही. पुढे ठमाबाईंनीच मला सांगितलं की ते फक्त "पिशवी जोखली ते चुकलं" म्हणाले आणि आत गेले.

मंगळवारी सकाळी कुंपणावरून हाक आली. "नागेश, गाडी काढ. बारामतीला जाऊ."

या हाकेत 'साक्षीला' हा शब्द नव्हता. मी दुचाकी काढली. बाजारात शिरलो तेव्हा मला वाटलं माशाच्या गोळ्यांच्या दुकानात जायचंय, पण तात्यांनी मला कडेच्या बोळात वळायला सांगितलं. तिथे चंद्राबाई नावाची म्हातारी सुकट-बोंबील घेऊन बसते. तात्या तिच्यासमोर उभे राहिले. त्यांची माळ शर्टाच्या आतच होती, तरी त्यांनी गळ्याचं बटण लावलं. येणारेजाणारे ओळखीचे आहेत का ते दोन्ही बाजूंना बघून घेतलं. मग नाकावर उपरणं धरून म्हणाले, "सुकट पाहिजे."

"किती देऊ?"

"माशापुरती."

म्हातारीने मान वर करून पाहिलं. "कुनापुरती?"

"माशापुरती दे," तात्या म्हणाले. जरा थांबून त्यांनी खाली बघत पुढचं म्हटलं, "आनि एका मानसापुरती."

चंद्राबाईने तराजू उचलला. "दांडी सरळ धर," तात्या म्हणाले. तेवढं त्यांचं सुटलं नाही. येताना त्यांनी भांड्यांच्या दुकानातून एक लोखंडी तवा घेतला, बोटाने टकटक वाजवून.

दुपारी परसात, पेरूच्या झाडाखाली, तात्यांनी स्वतः तीन विटा मांडल्या. वाऱ्याची दिशा बघून एक वीट फिरवली. काटक्या ठमाबाईंनी आणल्या. मग तात्या ओसरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले, माझे वडील बसायचे तसे, आणि मला शेजारी बसवून घेतलं. मागे तव्यावर कांदा चुरचुरला, मग तो वास आला. तात्यांचा हात माळेवर होता. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण ते उठून गेले नाहीत. संसारात पहिल्यांदाच त्यांनी असं काही केलं होतं आणि ते त्यांना जड जात होतं. दिसत होतं मला.

आत टाकीत पैलवानाला आल्याआल्याच त्यातली चिमूटभर घातली होती. त्याने ती मुकाट्याने खाल्ली होती.

मी वळून पाहिलं. काकी पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात ठमाबाई. काकींनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर सुकट घेतली आणि घास तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिल्या. ओसरीवरून तात्यांनी मान न वळवता विचारलं, "कशी हाय?"

काकींनी घास गिळला. "वाळू हाय हिच्यात," त्या म्हणाल्या. "आनि कमी वाळवलीय."

"मासा खातोय की."

"मासा खातोय. मला न्हाय आवडली." त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. "निमगावच्या बाजारातली बरी असती."

मी मनाशी म्हटलं, आता तात्या चिडणार. माळ बाजूला ठेवल्यासारखं करून माणूस बाजारात उभा राहिला होता, नाकावर उपरणं धरून, आणि त्याचं हे फळ. तात्या भिंतीकडेच बघत होते. मग त्यांनी माळेवरचा हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "नागेश, निमगाव केतकीचा बाजार कोनत्या वारी असतोय रं?"